वाचकाला हाक मारावी का?

31 जानेवारी 1920 रोजी परळच्या पोयबावडीतून 'मूकनायक' हे पाक्षिक निघाले. पाठीशी राजर्षी शाहू महाराजांनी दिलेले अडीच हजार रुपये होते, संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते आणि लिहिणारा हात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा होता. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. असे एक नवे पत्र निघाले आहे, एवढे तरी लोकांना कळावे म्हणून 'केसरी'कडे जाहिरात धाडण्यात आली. फुकट नव्हे, दर मोजून. 'केसरी'ने ती घेतली नाही. पुढे 1927 साली 'बहिष्कृत भारत' सुरू झाल्यावर बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतःच लिहून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहे.

ही हकीकत सहसा 'केसरी'ला दोष देण्यासाठी सांगितली जाते, आणि तो दोष योग्यच आहे. पण मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या माणसाच्या लेखणीविषयी पुढे कुणालाच शंका उरली नाही, त्या माणसालासुद्धा वाचक आपोआप मिळाला नव्हता. त्यासाठी त्याला दुसऱ्याच्या दारात पैसे घेऊन उभे राहावे लागले होते. 'चांगले लिहिले की वाचक आपणहून येतो' हे वाक्य आपण सगळ्यांनी कुणा ना कुणा ज्येष्ठाकडून ऐकलेले असते. ते वाक्य ज्यांच्या बाबतीत खरे ठरले त्यांची घरे नीट पाहावीत. त्यांच्या वडिलांच्या ओळखीचा प्रकाशक होता, शाळेतले गुरुजी मासिकात लिहीत होते, वाचनालयाच्या कमिटीवर मामा होते. तिथे दार उघडे होते, म्हणून वाचक 'आपणहून' आल्यासारखा वाटला. ज्याच्यापुढे दार बंद आहे त्याने हाक मारली तर तिला हावरेपणा म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे.

एवढे म्हणून मला थांबता आले असते. पण प्रश्न एवढा सोपा नाही, हे मला आमच्या वडाळ्यातल्याच एका तरुणाने दाखवून दिले.

हा मुलगा संगमनगरमध्ये राहतो. मूळ घर बीडकडचे. ट्रक टर्मिनलवर एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे तो बिल्ट्या लिहितो आणि उरलेल्या वेळात कविता आणि लहान लहान गद्य. मराठी शाळेत शिकल्यामुळे भाषा चांगली, आणि दिवसभर चार प्रांतांच्या ड्रायव्हरांशी बोलत असल्यामुळे कानही तयार. दोन मित्रांबरोबर त्याने सोळा पानांचे एक अनियतकालिक छापले. गठ्ठा घरी आला आणि तो माझ्याकडे आला. म्हणाला, "चाचा, छापलं तर आहे. पण लोकांना वाचा म्हणायचं कसं? जीभच उचलत नाही. अम्मी म्हणते, अपने मुँह मियाँ मिठ्ठू बनू नकोस."

अम्मीचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. आपल्या घराघरांतून ही शिकवण पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. इमाम गझालींच्या 'इह्या'मध्ये कीर्तीची हाव आणि रिया, म्हणजे दिखावा, यांच्यावर एक अख्खे प्रकरण आहे. ज्या चांगल्या कामाला लोकांनी पाहावे ही इच्छा चिकटली, ते काम आतून पोखरले जाते, असा त्याचा रोख आहे. इल्म शिकला, पण लोकांनी आलिम म्हणावे म्हणून शिकला, अशा माणसाचे हशराच्या दिवशी काय होईल ती हदीस आपण लहानपणापासून ऐकली आहे. ज्याच्या कानांवर हे पडलेले आहे त्याने 'माझे वाचा' म्हणताना अडखळावे हे साहजिक आहे. मला तर हे अडखळणे म्हणजे चांगल्या घरात वाढल्याची खूण वाटते.

पण मग लिहिणे तरी कशाला? नमाज एकांतात पढता येते, सदका गुपचूप देता येतो. निबंध गुपचूप लिहून पेटीत ठेवला तर तो झालाच नाही असे समजावे. त्याला दुसरा माणूस लागतो. म्हणजे लिहिण्यात रियाचा धोका मुळातच बसलेला आहे. तो टाळायचा तर लेखनच टाळावे लागेल.

इथे फुझैल बिन अयाझ या जुन्या बुजुर्गांचा एक विचार उपयोगी पडतो. लोकांसाठी एखादे काम करणे ही तर रिया आहेच, पण लोकांमुळे एखादे चांगले काम सोडून देणे हीसुद्धा रियाच आहे, असे त्यांच्या नावावर सांगितले जाते. मला हे फार खोल वाटते. 'मी कुणाला माझे वाचायला सांगत नाही' असे म्हणणाऱ्या साहित्यिकांना मी जवळून पाहिले आहे. त्यांच्या या न सांगण्याचीही बातमी सगळ्या गावाला असते. संकोचही मिरवता येतो. तेव्हा त्या मुलाची जीभ उचलत नाही ती विनयामुळे की नकाराच्या भीतीमुळे, हे आधी त्याने स्वतःशी तपासावे असे मी त्याला म्हटले. तो म्हणाला, "थोडं थोडं दोन्ही." हे उत्तर मला आवडले.

हाक मारायला हरकत नसेल तर ती कशी मारावी? मराठीत या हाकेचा एक फार जुना नमुना आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे फक्त लक्ष मागतात. ते दिले तर सगळ्या सुखाला पात्र व्हाल असे वचन देतात, आणि लगेच, जणू स्वतःच्याच शब्दांनी दचकून, म्हणतात की तुम्हा जाणत्यांच्या सभेत ही मी बढाई मारत नाही, ही माझी लडिवाळ विनंती आहे. या दोन ओळींच्या अंतरात सगळा प्रश्न सामावला आहे. आधी मोठे आश्वासन, कारण त्याशिवाय ऐकणारा कान देत नाही. मग माघार, कारण आश्वासनाने बोलणाराच मोठा होऊ लागतो. आमच्या वडाळ्याच्या विठोबाच्या देवळाकडे आषाढीला जी रांग लागते, तिच्यातल्या किती जणांनी हे वाचले असेल कोण जाणे, पण ही रीत त्यांच्या कानांत आहे. श्रोता येथे गिऱ्हाईक नसतो. तो सभेतला मोठा असतो आणि बोलणारा लहान.

ज्ञानदेवांनी वचन दिले ते विषयाच्या जोरावर, स्वतःच्या नव्हे. 'माझ्याकडे पाहा' आणि 'इकडे पाहा' या दोन हाकांत फरक आहे. मान्य, पण हा फरक सांगायला सोपा आणि पाळायला अवघड आहे. इकडे पाहा म्हणणाऱ्याचे बोट दिसतेच, आणि बोटामागे माणूसही. इमाम शाफईंविषयी सांगतात की लोकांनी हे ज्ञान घ्यावे आणि त्यातले एक अक्षरही आपल्या नावावर सांगू नये, अशी त्यांची इच्छा होती. लेखकाने एकदा तरी ही कसोटी स्वतःला लावून पाहावी. मला जे सांगायचे आहे तेच उद्या दुसऱ्याने माझ्याहून चांगले लिहिले आणि वाचक त्याच्याकडे गेले, तर मला हायसे वाटेल की पोटात दुखेल? कवितेला ही कसोटी पुरती लागू होत नाही, कारण कविता दुसऱ्याला तशीच लिहिता येत नाही. पण अन्यायाची बातमी, विचार, सुधारणेची मागणी यांना ती पुरेपूर लागू होते.

आता वडाळ्याचेच एक दुसरे घर. सिद्धार्थ विहार वसतिगृह. 1960 आणि 70 च्या दशकांत राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांच्या पिढीची तिथे ऊठबस होती, आणि दलित पँथरचा इतिहास त्या खोल्यांशिवाय लिहिता येत नाही. या मंडळींची हाक मारण्याची रीत अगदी उलटी होती. सायक्लोस्टाइल केलेले, कधी हाताने लिहिलेले अंक. आणि विनंती कसली, वाचकाला अंगावर घेणे. 1969 साली 'सत्यकथे'चा अंक गिरगावात मौजेच्या कचेरीसमोर जाळला गेला. 15 ऑगस्ट 1972 च्या 'साधने'च्या अंकात ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आला आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला.

लक्ष वेधून घेण्यासाठी केलेला आरडाओरडा, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. तसे म्हणणाऱ्यांत भली माणसेही होती. मी तो लेख पुन्हा वाचला तेव्हा मला त्यात सर्वांत महत्त्वाची वाटली ती तुलना. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला दंड तीनशे रुपये आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला पन्नास. कायद्याच्या तराजूची ही दोन पारडी शेजारी मांडली की वाचकाला चटका बसणारच. तो चटका वाचक गोळा करण्यासाठी लावलेला नव्हता, तो त्या आकड्यांतच होता. जे सांगायचे त्याच्या तापमानाइतकाच आवाज तापला असेल तर तो भडकपणा नव्हे. विषय कोमट आणि आवाज तापलेला असेल तर मात्र तो बाजार.

तरीही त्या प्रकरणाची दुसरी बाजू आहेच. गदारोळाने लेखाचे नाव घरोघरी पोहोचवले, लेख मात्र नाही. आजही शंभरांतल्या नव्वदांना ध्वजाविषयी काहीतरी वाईट लिहिले होते एवढेच आठवते. पन्नास रुपये कुणाला आठवत नाहीत. मोठ्याने मारलेल्या हाकेची ही किंमत असते. माणसे खिडक्या उघडतात, कोण ओरडले ते पाहतात आणि खिडक्या लावून घेतात. ढाल्यांनी दुसरे काही करायला हवे होते असे मी म्हणत नाही. त्या बायांचा अपमान हळू आवाजात सांगण्यासारखा नव्हताच.

त्याच साली 'गोलपिठा' आला, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. प्रस्थापित लेखकाचे बोट धरून नवा कवी वाचकाकडे जातो, हाही हाक मारण्याचा एक प्रकार. प्रस्तावना हा प्रकार मला एरवी संशयास्पद वाटतो, कारण बहुतेक प्रस्तावना म्हणजे शिफारसपत्रे असतात आणि लिहिणाऱ्याने पुस्तक चाळलेले असते एवढेच. पण तेंडुलकर आधी ढसाळांबरोबर त्या वस्तीत फिरले आणि मग त्यांनी प्रस्तावना लिहिली. म्हणजे वाचकाला आत नेण्याआधी ते स्वतः नवखे वाचक झाले. एवढी तसदी घेणारा भेटला तर त्याचे बोट जरूर धरावे.

आता आपल्याविषयी, कारण हा अंक आपला आहे.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला वाचक गोळा करायचे दोन सोपे रस्ते आहेत आणि दोन्ही गुळगुळीत झालेले आहेत. पहिला म्हणजे आपल्या घरातले कपडे चौकात धुणे. माझ्या ओळखीच्या एका लेखिकेने आपल्या आजीच्या शेतीविषयी एक सुंदर लेख एका संपादकांना पाठवला होता. 2017 साली तलाकविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता, त्या सुमाराची गोष्ट. संपादक म्हणाले, लेख चांगला आहे, पण तुम्ही तलाकवर का लिहीत नाही, वाचक तुटून पडतील. दुसरा रस्ता म्हणजे ईदचा शीरखुर्मा, मोहर्रमच्या पंजाला खांदा देणारे हिंदू शेजारी, दर्ग्यातला धूप आणि शेवटी सगळ्यांचे रक्त लाल असते. त्यात खोटे काहीच नसते. पण वाचकाला आधीपासून हवे असलेलेच ते पुन्हा वाढलेले असते.

या दोन्ही आमिषांत नैतिक चूक कुठे आहे? विषयात नाही. तलाकवर लिहायलाच हवे होते, आणि हमीद दलवाईंनी कुणी संपादक मागत नसताना ते केले. 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत कौन्सिल हॉलवर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी नेला तेव्हा टाळ्या वाजवायला रस्त्यावर कुणी नव्हते. 1965 साली त्यांची 'इंधन' ही कादंबरी आली आणि त्यांच्याच भागात, चिपळूणकडे, लोक त्यांच्यावर खवळले. ते आमिष नव्हते, कारण आमिष लावणारा स्वतः गळाला लागत नाही. दलवाई लागले. त्यांच्या मतांशी आपल्यातल्या अनेकांचे जमले नाही, माझेही सगळीकडे जमत नाही. पण त्यांनी जे लिहिले त्याची किंमत आधी स्वतः मोजली, हे नाकारता येत नाही. गंमत, किंवा दुःख म्हणा, अशी की मराठी वाचकाने दलवाईंना डोक्यावर घेतले ते वादासाठी, आणि 1961 साली 'लाट' हा कथासंग्रह देणारा तो उत्तम कथाकार मागे राहून गेला. ज्या गोष्टीसाठी वाचक येतो तीच तो पुढच्या खेपेलाही मागतो. चूक असेल तर ती इथे आहे. आमिषाने वाचक फसतो हे तर खरेच, पण लेखकही बांधला जातो. आपल्या आजीच्या शेतीविषयी लिहिण्याचा हक्क तो गमावून बसतो.

म्हणून मला वाटते, नव्या माणसाने पहिली हाक मारताना फार सांभाळावे. विसाव्या पुस्तकाला खोटी जाहिरात केली तर थोडी अब्रू जाते. पहिल्याच हाकेला जे वचन दिले, त्याची नोकरी जन्मभर करावी लागते.

सोलापूरला 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवून आणलेली ती एक मोठीच हाक होती: आम्ही आहोत, मराठीत आहोत. तिची गरज होती. पण तेव्हापासून आपल्याला एक सवय लागली आहे, लिहिणाऱ्यांनीच लिहिणाऱ्यांना ऐकवायची. मंडपात शंभर माणसे असतील तर नव्वदांच्या खिशात स्वतःच्या कवितेचा कागद असतो. दाद छान मिळते, कारण पुढचा नंबर आपला असतो.

आणि भेटप्रतींचे काय? माटुंग्याच्या फूटपाथवर जुनी पुस्तके विकायला बसतात, तिथे कधी फेरी मारावी. 'सप्रेम भेट' असे लिहून सही केलेली पुस्तके हमखास मिळतात, बहुतेकांची पाने न उलटलेली. फुकट दिलेले पुस्तक वाचकाच्या डोक्यावर ऋण ठेवते. वाचले नाही तर अपराधी, आवडले नाही तर अधिक अपराधी. तो लेखकाला रस्त्यात पाहून दुसऱ्या फुटपाथला जातो. याच्या उलट बाबासाहेबांची रीत पाहा. 'बहिष्कृत भारत' चालवताना रकानेच्या रकाने ते एकटे लिहीत, आणि त्याचे काही घेत नसत. पत्र अडचणीत आले तेव्हा 1928 साली त्यांनी वाचकांपुढे उघड प्रश्न ठेवला की हे ऋण लौकिक ऋण नव्हे काय, म्हणजे ते सर्वांनी मिळून फेडायचे नव्हे काय. ज्यांच्यापुढे हा प्रश्न ठेवला ते गिरणीत आणि गोदीत राबणारे लोक होते. त्यांच्याकडे पैसे मागणे निर्दयपणाचे वाटेल. मला मात्र त्यात त्यांच्याविषयीचा आदर दिसतो. फुकट वाटले असते तर ते उपकारकर्ते झाले असते. वर्गणी मागून त्यांनी वाचकाला मालक केले. वर्गणी देणारा माणूस चांगले नाही म्हणू शकतो, अंक बंद करू शकतो, पत्र लिहून भांडू शकतो. एवढे करूनही 1929 च्या अखेरीस ते पत्र बंद पडले, हेही सांगायला हवे. योग्य रीतीने मारलेल्या हाकेला ओ मिळतेच असे नाही.

याच परळ-लालबागच्या पट्ट्यात शाहीर अमर शेखांचा आवाज घुमला. बार्शीच्या त्या महबूब हुसेन पटेलांच्या पहाडी आवाजासाठी हजारो गिरणी कामगार मैदानात येत, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी पुढे केलेल्या झोळीत लोक पैसे टाकत. पण 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह त्या हजारोंतल्या कितींनी उघडले? ऐकणारा आणि वाचणारा वेगळा. गर्दीतला माणूस शेजारच्याला पाहून टाळी वाजवतो. वाचणारा एकटा असतो, त्याला टाळीचा आधार नसतो, पुस्तक मिटायला कुणाची परवानगीही लागत नाही. त्याची ही मोकळीक जपत त्याला हाक मारता येईल का, हा खरा पेच आहे. हाक एवढी मोठी नको की तो नाही म्हणायला लाजेल. एवढी लहानही नको की त्याला ऐकूच येणार नाही.

आमच्या त्या मुलाने शेवटी अंकावर वीस रुपये किंमत छापली. ओळखीतल्या कुणालाही फुकट द्यायचा नाही असे तिघांनी ठरवले, अम्मीलाही नाही. तिने कुरकुरत वीस रुपये दिले. मुखपृष्ठावर त्यांनी आतल्या एका गद्याचे नाव आणि विषय एवढेच टाकले: वडाळ्याच्या टर्मिनलवर रात्री थांबलेले ड्रायव्हर काय बोलतात. लेखकांची नावे आत, लहान टाइपात. रविवारी सकाळी वडाळा रोड स्टेशनबाहेर उभे राहून पहिल्या आठवड्यात अकरा प्रती खपल्या. पुढच्या रविवारी एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर अंक हातात घेऊन परत आला. घाट रात्री उतरताना गाडी कोणत्या गिअरमध्ये ठेवतात ते तुम्ही चुकीचे लिहिले आहे, असे त्याचे म्हणणे होते, आणि बाकीचे त्याने दोनदा वाचले होते. पाऊण तास तो तिथेच उभा राहून सांगत होता. त्या दिवशी त्यांचा एकही अंक विकला गेला नाही.